सौर वारा आणि मंगळाचे वातावरण

सौर वारा आणि मंगळाचे वातावरण यांच्यातील आंतरक्रिया ही मंगळ ग्रहाचे वातावरण विरळ होण्यामागील एक प्रमुख प्रक्रिया मानली जाते. सूर्यापासून सतत बाहेर पडणाऱ्या, मुख्यतः प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्या प्रवाहास सौर वारा म्हणतात. त्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांतील बहुतेक कण दूर वळविते. मंगळाला असे ग्रहव्यापी क्षेत्र नाही.

स्वरूप
मंगळाच्या गाभ्यात निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी लोप पावले. त्याचे अवशेष कवचातील खडकांत, विशेषतः दक्षिण गोलार्धात आढळतात. त्यामुळे सौर वारा थेट ग्रहाच्या आयनांबरावर येऊन आदळतो. त्याच्यासोबत आलेल्या चुंबकीय रेषा ग्रहाभोवती लपेटल्या जाऊन एक दुर्बल ‘प्रेरित चुंबकांबर’ तयार होते.

वातावरणाचा ऱ्हास
सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांतील अणू विद्युतभारित होतात. सौर वाऱ्यातील विद्युत क्षेत्र अशा आयनांना वेग देऊन अवकाशात ओढून नेते. काही आयन उलट वातावरणावर आदळतात आणि तेथील उदासीन अणूंना बाहेर उडवितात.

निरीक्षणे
नासाचे मावेन हे यान सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्याच महिन्यात पोहोचलेल्या भारताच्या मंगळयानावरही बाह्य वातावरणाच्या अभ्यासाचे एक उपकरण होते. मावेनच्या २०१५ मधील निष्कर्षांनुसार सौर वाऱ्यामुळे सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम वायू निसटतो. सौर वादळांच्या काळात हा वेग वाढतो. आरगॉन हा निष्क्रिय वायू खडकांशी संयोग पावत नाही. त्याच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून, मंगळावरील सुमारे ६५ टक्के आरगॉन अवकाशात गेल्याचे २०१७ मध्ये अनुमानिले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये सौर वाऱ्याची घनता अल्पकाळ सुमारे शंभर पटींनी घटली, तेव्हा मंगळाचे प्रेरित चुंबकांबर हजारो किलोमीटर फुगले.

शुक्राशी तुलना
शुक्रालाही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही. तरीही त्याच्या पृष्ठभागावरील वायुदाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट आहे. मंगळावर तो पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे. म्हणून केवळ चुंबकीय क्षेत्राचा अभाव हे मंगळाच्या स्थितीचे पूर्ण स्पष्टीकरण ठरत नाही. त्याचे अल्प गुरुत्वाकर्षण हेही महत्त्वाचे कारण आहे.