कर्तव्यावरील मृत्यू आणि विम्याचा हप्ता : इलिनॉय राज्यातील एका कायद्याचा इतिहास

अमेरिकेत पोलीस वा अग्निशामक कर्तव्य बजावीत असता मरण पावला, म्हणजे त्याच्या कुटुंबावर दोन आपत्ती एकापाठोपाठ येतात. कमावता पुरुष जातो आणि त्याच्या नोकरीबरोबर मिळालेले आरोग्यविम्याचे छत्रही जाते. पहिल्या आपत्तीकडे कायद्याचे लक्ष आधी गेले. दुसरीकडे जावयास पुष्कळ काळ लोटला.

विमा नोकरीस बांधला गेला हा वस्तुतः युद्धकालीन धोरणाचा आनुषंगिक परिणाम होय. १९४२ साली वेतनवाढीवर निर्बंध आले, परंतु विम्याची सवलत त्यांतून वगळली गेली. साहजिकच कामगार मिळविण्यासाठी मालकांनी विमा पुढे केला. आणि मालकाने भरलेला हप्ता १९५४ च्या प्राप्तिकर संहितेने करमुक्त ठरविल्यावर ही प्रथा दृढ झाली.

केंद्रीय शासनाने १९७६ साली अशा मृताच्या वारसांस ५०,००० डॉलरची एकरकमी मदत देऊ केली. ही रक्कम १९८८ मध्ये एक लाख व २००१ मध्ये अडीच लाख झाली. तथापि एकरकमी मदत कितीही वाढविली, तरी दीर्घ आजारापुढे ती कधी संपेल याची शाश्वती नसते. १९८६ च्या एका कायद्याने मृत नोकराच्या पत्नीस व मुलांस जुना विमा ३६ महिने चालू ठेवण्याचा हक्क दिला खरा, पण स्वतःच्या खर्चाने! पूर्वी मालक भरीत असलेला भागही आता विधवेनेच भरावयाचा, आणि व्यवस्थेच्या खर्चापोटी वर दोन टक्के. म्हणजे एकूण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत. हक्क आणि तो बजावण्याचे सामर्थ्य यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

इलिनॉय राज्याच्या १९९७ च्या कायद्याचे महत्त्व येथे आहे. राज्यपालांचा नकाराधिकार डावलून विधिमंडळाने तो संमत केला. कर्तव्यावर मृत झालेल्या वा भयंकर दुखापत झालेल्या पोलिसाच्या व अग्निशामकाच्या कुटुंबाचा संपूर्ण हप्ता त्याच्या मालकाने, म्हणजे बहुधा नगरपालिकेने, भरावा असे त्याने ठरविले. मदत जाऊन तिच्या जागी दायित्व आले.

मात्र दायित्वाला कुंपणही घातले गेले. मृत्यू वा इजा आरोपीचा पाठलाग, आणीबाणीचा प्रसंग, दुसऱ्याचे बेकायदा कृत्य अथवा गुन्ह्याचा तपास यांपैकी एकाशी निगडित असली पाहिजे. ‘भयंकर दुखापत’ म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलेच नव्हते. ब्लूमिंग्टन शहरातील एका अग्निशामकाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली विधिमंडळातील भाषणे तपासून निर्णय दिला की, ज्या इजेमुळे कर्तव्यजन्य अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते, तीच ही दुखापत. हा अर्थ उदार आहे व माझ्या मते योग्यही आहे. परंतु त्याच कायद्यात, जखमी कर्मचारी पुढे मरण पावल्यास त्याच्या पत्नीचा हप्ता तिने पुनर्विवाह करीपर्यंतच भरावा, असेही कलम आहे.