तेरणाकाठचे शिसे आणि घरातला नळ

🧵 १/ लोहारा तालुक्यातील माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्पाच्या धरणाने तेरणा नदी अडवली आहे. याच नदीवर, वरच्या अंगाला, तेर वसले आहे. तेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचे कापड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्याच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे आणि कथील यांच्याबरोबर शिसेही आहे.

२/ सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. रोमन लोकांनी त्याच धातूचे पाण्याचे नळ केले. शिशाला लॅटिनमध्ये ‘प्लंबम’ म्हणत. आपण रोज वापरतो तो ‘प्लंबर’ हा शब्द त्यातूनच आला.

३/ धोक्याची जाणीवही तितकीच जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने शिशाचे काम करणाऱ्यांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखवले आणि पाण्यासाठी मातीचे नळ अधिक आरोग्यदायी ठरवले.

४/ दख्खनेत असे मातीचे नळ प्रत्यक्ष वापरात होते. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी येथे, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, ‘नहर-ए-अंबरी’ उभारली. तिच्यात खापरी नळांचा उपयोग झाला.

५/ युरोप-अमेरिकेत मात्र रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची जोडणी दीर्घकाळ शिशाच्या नळांनी होत राहिली. अमेरिकेने १९८६ साली नव्या कामांत शिशाच्या नळांना बंदी घातली. जुने नळ जमिनीतच राहिले. २०१४ साली फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला, पण गंजरोधक प्रक्रिया केली नाही. जुन्या नळांतील शिसे घरोघरच्या पाण्यात उतरले. धरण किंवा नदी स्वच्छ असली, तरी शेवटचे काही फूट घात करू शकतात.

६/ आपल्याकडील घरांत प्रामुख्याने जस्तलेपित लोखंडाचे आणि पीव्हीसीचे नळ आढळतात. पीव्हीसी तयार करताना ते उष्णतेने बिघडू नये म्हणून शिशाची संयुगे मिसळली जात. त्यावर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. त्याआधीचे नळ आजही अनेक भिंतींत आहेत.

७/ नळ ओळखावा कसा? मीटरजवळचा उघडा भाग नाण्याने हलकेच खरवडावा.
▪️ शिसे: मऊ, खरवडलेली जागा चांदीसारखी चकाकते, चुंबक चिकटत नाही.
▪️ लोखंड: कठीण; चुंबक चिकटतो.
▪️ तांबे: तांबूस चमक.
▪️ पीव्हीसी: प्लास्टिक; त्यावरील आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचे वर्ष पाहावे.

८/ पीव्हीसीतले, पितळी तोटीतले किंवा सांध्याच्या डाखातले शिसे खरवडून कळत नाही. पाण्यात उतरलेल्या शिशाला रंग नाही, चव नाही आणि उकळल्याने ते जात नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. रात्रभर नळात साचलेल्या पाण्याचा सकाळचा पहिला नमुना प्रयोगशाळेत तपासणे, हाच खात्रीचा उपाय. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम.

९/ तेरच्या मातीतले नाणे हातात घेतल्यावर इतिहासाचा अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो: हे कोणत्या धातूचे? घरातल्या नळालाही तोच प्रश्न विचारायला हवा. धरणाच्या नोंदी सरकारी दप्तरात सापडतात. भिंतीतल्या नळाची नोंद घरातल्या माणसांनीच करायची असते.