गिरणीमालकाच्या हाती सत्ता: अलेक्सांद्र कोनोवालोव्ह आणि १९१७ ची रशियन क्रांती

१/ २५ ऑक्टोबर १९१७. पेत्रोग्रादच्या हिवाळी प्रासादात रशियाच्या हंगामी सरकारची अखेरची बैठक सुरू होती. पंतप्रधान केरेन्स्की सैन्याची कुमक आणण्यासाठी सकाळीच शहराबाहेर पडले होते. त्यांच्या जागी अध्यक्षस्थानी होता एक कापडगिरणीमालक, अलेक्सांद्र कोनोवालोव्ह. (सर्व तारखा तत्कालीन रशियन दिनदर्शिकेनुसार, १९१७ मध्ये ती आपल्यापेक्षा १३ दिवस मागे होती.)

२/ या घराण्याच्या उद्योगाचा आरंभ १८१२ मध्ये कोस्त्रोमा प्रांतात झाला. त्याचा पाया घालणारा प्योत्र कोनोवालोव्ह हा भूदास होता, म्हणजे कायद्याने जमीनदाराच्या मालकीचा माणूस. शतकभरात त्याच्या वंशजांची गणना रशियातील बड्या कारखानदारांत होऊ लागली.

३/ अलेक्सांद्रचा जन्म १८७५ चा. मॉस्को विद्यापीठानंतर तेव्हा जर्मन साम्राज्यात असलेल्या मुलहाउस येथे त्याने वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेतले. १८९७ च्या कायद्याने कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा साडेअकरा तास ठरवली होती. कोनोवालोव्हने १९०० मध्ये आपल्या गिरण्यांत ती नऊ तासांवर आणली. शाळा, रुग्णालय, कामगारांची घरे हेही त्याने उभारले.

४/ हा केवळ दानधर्म नव्हता. १९०५ च्या संपांनी रशिया हादरला होता. कामगाराला सनदशीर हक्क मिळाले नाहीत तर तो बंडाची वाट धरील, असे कोनोवालोव्हचे मत होते. परंतु कायदे बदलणे एकट्या गिरणीमालकाच्या हाती नव्हते. दरबारावर उमरावांचा आणि नोकरशाहीचा पगडा होता. ३ जून १९०७ च्या निवडणूक कायद्याने तर जमीनदारांनाच झुकते माप दिले.

५/ म्हणून मॉस्कोचे तरुण उद्योगपती राजकारणात उतरले. त्यांचा दुसरा अग्रणी पावेल र्‍याबुशिन्स्की ‘उत्रो रोस्सी’ (रशियाची पहाट) हे वृत्तपत्र चालवी. १९१२ मध्ये या मंडळींच्या पुढाकाराने ‘प्रगतिवादी’ पक्ष आकाराला आला आणि त्याच वर्षी कोनोवालोव्ह चौथ्या ड्यूमात निवडून गेला.

६/ पहिल्या महायुद्धात सैन्याला दारूगोळा अपुरा पडू लागला. १९१५ मध्ये उद्योजकांनी युद्ध-उद्योग समित्या स्थापन केल्या. मध्यवर्ती समितीचा अध्यक्ष गुच्कोव्ह, उपाध्यक्ष कोनोवालोव्ह. समितीत कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधीही घेतले गेले. मालक आणि मजूर एका मेजाशी बसले. जानेवारी १९१७ मध्ये झारच्या सरकारने त्या कामगार गटालाच तुरुंगात टाकले. संवादाचा हा पूल सरकारनेच तोडला.

७/ महिनाभरातच झारशाही कोसळली. कोनोवालोव्ह हंगामी सरकारात व्यापार व उद्योगमंत्री झाला. १० मार्चला पेत्रोग्रादच्या कारखानदारांनी सोव्हिएतशी करार करून आठ तासांचा दिवस मान्य केला. ज्या तडजोडीचे स्वप्न तो वर्षानुवर्षे पाहत होता, ती क्षणभर साकार झालेली दिसली.

८/ हा सलोखा टिकला नाही. महागाई भडकत होती, कच्चा माल मिळेना, कारखान्यांत मजूर समित्यांचा अंमल वाढत होता. समाजवादी श्रममंत्री स्कोबेलेव्हने भांडवलदारांच्या नफ्यावर जबर कर बसवण्याची भाषा सुरू केली. मे महिन्यात कोनोवालोव्हने राजीनामा दिला.

९/ ऑगस्टमध्ये र्‍याबुशिन्स्कीने एका भाषणात इशारा दिला, की भुकेचा हाडकुळा हात लोकांच्या खोट्या मित्रांची मानगूट पकडील. बोल्शेविकांनी त्याचा अर्थ असा लावला, की भांडवलदार क्रांतीला उपाशी मारू पाहत आहेत. मालकांविषयी उरलासुरला विश्वासही आटला. अशा वेळी, सप्टेंबरअखेर, कोनोवालोव्ह उपपंतप्रधान म्हणून परतला.

१०/ २६ ऑक्टोबरच्या पहाटे दोनच्या सुमारास अंतोनोव्ह-ओव्सेयेन्को सशस्त्र तुकडीसह प्रासादाच्या भोजनकक्षात शिरला. मंत्र्यांना अटक करून पीटर-पॉल किल्ल्यात नेण्यात आले. पुढे कोनोवालोव्हने रशिया सोडला. त्याच्या गिरण्या राष्ट्रीयीकृत झाल्या आणि पॅरिसमध्ये तो निर्वासितांच्या राजकारणात व वृत्तपत्रसृष्टीत वावरत राहिला.

११/ कामगारांशी उदारपणे वागणारा हा माणूस का हरला? कामाचे तास, घरे, शाळा या प्रश्नांची उत्तरे गिरणीमालकाच्या एका सहीने देता येत होती. १९१७ मध्ये मात्र सैनिक शांतता मागत होता आणि शेतकरी जमीन. हंगामी सरकारने युद्ध चालूच ठेवले आणि जमिनीचा प्रश्न संविधान सभेवर ढकलला. कोनोवालोव्हला कारखाना उत्तम कळला होता, पण त्या वर्षी रशियाचे भवितव्य खंदकांत आणि शेतांत ठरत होते.