खुंटांवर उभे राहिलेले जंगल

आजच्या गोंदिया जिल्ह्यातील, म्हणजेच १९९९ पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील, साग, ऐन आणि धावडा यांच्या पानगळी वनांना सर्रास नैसर्गिक म्हटले जात असले, तरी त्यांतील पुष्कळसे क्षेत्र अनेकदा तोडले जाऊन पुन्हा वाढलेले दुय्यम वन आहे, आणि ते कशातून वाढले याचे उत्तर मातीतील बियांपेक्षा जमिनीत उरलेल्या मुळांत अधिक सापडते.

मातीतील बीजसाठा म्हणजे न रुजता जिवंत राहिलेल्या बियांचा संचय. अमेरिकेच्या उष्ण कटिबंधीय वर्षावनांत सेक्रोपियासारख्या वृक्षांचे बारीक बी झाड कोसळून उजेड पडेपर्यंत मातीत वाट पाहते. गोंदियाच्या कोरड्या वनांत मात्र बहुतेक वृक्षांचे बी पहिल्या पावसांतच रुजते किंवा मरते. मोहाचे बी पावसाच्या तोंडावर गळते, फार दिवस टिकत नाही, तेलासाठी वेचले जाते, आणि फुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला की आधीची कोवळी रोपेही त्यात जातात. सागाचे बी कठीण कवचामुळे एकाहून अधिक पावसाळ्यांत थोडे थोडे रुजते, पण तो अपवाद आहे. उघड्या पडलेल्या जमिनीतून सर्वांत आधी उसळून येते ते तरोट्याचे तण, वृक्षांची रोपे नव्हेत.

हा भाग तेव्हा ज्यात मोडत होता त्या मध्य प्रांताच्या वनखात्याने, जंगल बियांपेक्षा खुंटांतून पुन्हा उभे राहते हे वास्तव व्यवहारात लवकर ओळखले होते. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव ठरलेली जंगले कार्ययोजनांखाली आली, तेव्हा या प्रांतात रुळलेल्या एका पद्धतीनुसार वर्षाच्या ‘कुपा’त, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, निवडक झाडे राखून उरलेली जमिनीलगत तोडली जात आणि खुंटांच्या धुमाऱ्यांतून पुढचे पीक घेतले जाई. खुंटावर पाणी साचून तो कुजू नये म्हणून काप गुळगुळीत व उतरता ठेवावा लागे. कागदावर किरकोळ दिसणारी ही अट पाळली गेली की नाही, यावर पुढच्या पिढीचे जंगल ठरत असे. मालगुजारांच्या आणि जमीनदारांच्या ताब्यातील रानांना अशी शिस्त क्वचितच लाभली, आणि १९५१ मध्ये मालकी हक्क संपुष्टात येऊन ती सरकारजमा झाली, तरी गावांच्या निस्ताराची, म्हणजे सरपण, बल्ल्या व चराईची, गरज पूर्वीइतकीच राहिली.

१९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाल्यावर मिश्र वन सरसकट तोडून तेथे साग लावण्यावर भर आला. त्यातही गंमत अशी की रोपवाटिकेत बी भिजवून-सुकवून उगवलेले रोप खोड व मुळे छाटून ‘साग जडी’ म्हणून लावले जाई. म्हणजे लावलेला सागही अखेर खुंटावरूनच फुटत होता. तेंदूची कथा वेगळी नाही. गोंदियाच्या विडी उद्योगाला लागणारी कोवळी पाने छाटलेल्या बुंध्यांवर आणि मुळांपासून निघालेल्या फुटव्यांवर येतात, आणि त्यांच्यासाठी लावलेली आग बीजोत्पन्न रोपांना मारते, मुळांना मात्र सहसा नाही.

वारंवार छाटलेल्या खुंटाची फुटण्याची शक्ती वयाबरोबर क्षीण होते, आणि त्याची जागा घेणारे झाड बियांतूनच यावे लागते. त्यासाठी लागणारी सलग काही वर्षांची वणव्यापासून व चराईपासूनची मोकळीक कुपांच्या वेळापत्रकात बसवणे खात्याला जड गेले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांपुढेही तोच हिशेब उभा आहे.