प्रयोगशाळा ब्राउझरमध्ये आली, मग बिघडलं काय?

पीएचडीची तयारी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास सॉफ्टवेअरचा असतो. जेएस-साइक घेऊ की सायकोपाय? गोरिलाचे पैसे कोण भरणार? आणि लगेच पाठोपाठ: ब्राउझरमध्ये रिॲक्शन टाइम नीट मोजला जातो का हो? प्रश्न चुकीचे नाहीत. पण ऑनलाइन प्रयोगांचा साधारण तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गंमत दिसते. ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती घेतली गेली, तिने फारसं नुकसान केलं नाही. नुकसान दुसरीकडूनच झालं.

धास्ती होती मिलिसेकंदांची, आणि ती जुनी आहे. 1879 मध्ये विल्हेल्म वुंटने लाइपझिगला प्रयोगशाळा सुरू केली. तिथे हिपचं क्रोनोस्कोप वापरलं जाई, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं घड्याळ. पुढे संगणक आले तरी वळण तेच राहिलं: शांत खोली, ठरलेलं मशीन, एकेका विद्यार्थ्याला आत बोलवायचं. वॉल्टर श्नायडरचं 'मेल' हे सॉफ्टवेअर 1988 चं, आणि ई-प्राइम हा त्याचाच पुढचा अवतार. हे सगळं त्या खोलीसाठी होतं.

खोली सोडायचं धाडस 1995 मध्ये उल्फ-डिट्रिच राइप्सने जर्मनीत ट्युबिंगनला केलं. प्रयोग वेब पानावर ठेवायचा, ज्याला यायचं तो येईल. 1997 मध्ये अमेरिकेत जॉन क्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी एकच प्रयोग लॅबमध्ये आणि वेबवर करून ताडून पाहिला, निकाल बरेचसे जुळले. 1998 मध्ये इंप्लिसिट असोसिएशन टेस्ट ऑनलाइन आली. तिच्या कर्त्यांपैकी एक मह्जरिन बानाजी, मूळच्या सिकंदराबादच्या. ती चाचणी तर सगळी रिॲक्शन टाइमवरच उभी आहे.

तरीही लोक घाबरत होते, आणि कारणं होती. साधा स्क्रीन सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. 20 मिलिसेकंद काही दाखवायचं म्हटलं तर ते जमतच नाही, एक फ्रेम किंवा दोन. कीबोर्डचा उशीर वेगळा. पण हा उशीर दोन्ही गटांना सारखाच लागतो, आणि आपल्याला बहुतेक वेळा दोन अटींमधला फरकच हवा असतो. 2013 मध्ये क्रम्प, मॅकडॉनेल आणि गुरेकिस यांनी स्ट्रूप, फ्लँकर, सायमन असे जुने प्रयोग ऑनलाइन करून पाहिले. रिॲक्शन टाइमचे परिणाम बहुतेक सगळे दिसले. अडचण आली ती अगदी क्षणभर दाखवायच्या चित्रांच्या प्रयोगात, आणि शिकण्याच्या प्रयोगात. शिकण्याच्या प्रयोगात लोक लॅबपेक्षा मागे पडले, पण सूचना समजल्या का यावर छोटी प्रश्नावली ठेवल्यावर कामगिरी सुधारली. म्हणजे कमी पडलं होतं ते सूचना वाचण्यात, घड्याळ ठीकच होतं.

जेएस-साइक याच काळातलं. जॉश डी ल्यूने ते इंडियाना विद्यापीठात पीएचडी करताना लिहिलं (हे वाचून हुरूप आला तर चांगलंच). त्याआधी बरेच प्रयोग फ्लॅशमध्ये असत. 2020 च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं आणि ते प्रयोग उघडेनासे झाले. म्हणून कोड साध्या, खुल्या स्वरूपात ठेवा, एवढंच सांगून पुढे जाते.

आता खरं नुकसान. 2016 मध्ये झोऊ आणि फिशबाक यांनी मुद्दाम एक हास्यास्पद निष्कर्ष काढून दाखवला. सहभागींचे यदृच्छेने दोन गट केले. एकाला सांगितलं, तुम्ही आयलायनर लावताय अशी कल्पना करा. दुसऱ्याला, आफ्टरशेव्ह लावताय अशी. मग वजन विचारलं. आयलायनरवाल्यांचं सरासरी वजन कमी निघालं! आयलायनरची कल्पना केली की माणूस बारीक होतो? अर्थातच नाही. आयलायनर म्हटल्यावर कितीतरी पुरुष टॅब बंद करून निघून गेले, राहिल्या त्यात बायका जास्त. यदृच्छ विभागणी सुरुवातीला होती, विश्लेषणाच्या वेळी उरलीच नव्हती.

लॅबमध्ये हे क्वचित घडतं, कारण समोर माणूस बसलेला असताना उठून जायला संकोच वाटतो. घरी एक क्लिक. आणि त्रास असा की बरेच जण फक्त पूर्ण झालेल्यांचा डेटा उतरवून घेतात, त्यामुळे गेलेले दिसतच नाहीत. माझ्या मते प्रयोग उभारताना सगळ्यात आधी हेच बघावं: गट ठरला त्याच क्षणी त्याची नोंद सर्व्हरवर जाते का? शेवटच्या पानावर डेटा साठवणारा प्रयोग कितीही देखणा असला तरी कोणत्या गटातून किती गळाले हे तो सांगू शकत नाही. राइप्सने यावर एक तोडगा पूर्वीच सुचवला होता: कंटाळवाणा भाग गट पाडण्याआधी ठेवा, ज्यांना जायचंय ते तिथेच जाऊ देत.

दुसरा प्रश्न, पलीकडे कोण आहे? ॲमेझॉनने 2005 मध्ये मेकॅनिकल टर्क सुरू केलं. नाव अठराव्या शतकातल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या 'यंत्रा'वरून, ज्याच्या पोटात माणूस लपलेला असे. जेफ बेझोसने या सेवेला कृत्रिम कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटलं. 2010 च्या सुमारास तिथले साधारण एक तृतीयांश कामगार भारतातले होते. काम एका सेंटपासून सुरू. बऱ्याच संशोधकांनी मात्र 'फक्त अमेरिका' हा फिल्टर लावला, म्हणजे आपली माणसं कामाला होती पण सहभागींच्या तक्त्यात फारशी नव्हती. 2018 मध्ये हा फिल्टरही फसला. एकाच ठिकाणच्या नकाशा-खुणा पुन्हापुन्हा दिसू लागल्या, भाड्याच्या सर्व्हरमधून ठिकाण लपवून लोक येत होते.

मग अनेकजण प्रॉलिफिककडे वळले. तिथे 2021 च्या जुलैमध्ये टिकटॉकवरच्या एका व्हिडिओमुळे तरुण मुलींची एवढी गर्दी लोटली की कित्येक अभ्यासांचे नमुने एका बाजूला कलले. कोणी फसवलं नव्हतं, सगळ्या खऱ्याच होत्या. ज्यांनी स्त्री-पुरुष प्रमाण आधीच बांधून घेतलं होतं ते वाचले.

आणि 2023 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी मेकॅनिकल टर्कवरच्या 44 जणांना मजकुराचा सारांश लिहायला दिला. त्यांचा अंदाज असा की 33 ते 46 टक्के कामगारांनी भाषा-मॉडेलची मदत घेतली. एकच काम, छोटा नमुना, त्यामुळे हा आकडा दुसऱ्या प्रयोगांना लावू नका. त्या लेखाच्या शीर्षकात 'कृत्रिम' हा शब्द तीनदा येतो.