गिरणीची निवड आणि जॉबरचा दरवाजा
मुंबईत 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची स्थापना केल्यानंतर रत्नागिरी, सातारा आणि घाटावरून जे तरुण कामाच्या शोधात आले, त्यांनी गिरणी निवडली असे म्हणण्यापेक्षा जॉबर निवडला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. जॉबर म्हणजे खात्यातील कामावर देखरेख करणारा आणि त्याच खात्यासाठी माणसे भरणारा मुकादम. त्याला भरतीच्या वेळी द्यावी लागणारी रक्कम दस्तुरी म्हणून ओळखली जाई. नवागत बहुधा गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत उतरत असे आणि कोणत्या खात्यात पगार बरा, कोणता जॉबर दस्तुरीसाठी फार अडवत नाही, ही माहिती त्याला तेथे किंवा खानावळीच्या पंगतीत मिळे.

मात्र ही निवड सर्वांना सारखी खुली नव्हती. विणकाम खात्यात, म्हणजे साचाखात्यात, मिळकत तुलनेने चांगली असली तरी धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागत असल्याने विटाळाचे कारण पुढे करून दलित कामगारांना तेथे प्रवेश नाकारला जाई. कायम जागा न मिळालेल्यांना ‘बदली’ म्हणून रोज सकाळी दरवाजाशी उभे राहावे लागे. 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली, तिचा रोख जॉबरच्या माणसे भरण्याच्या अधिकारावर होता.