आपल्या बायांच्या पावलांचा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा आपण सभा, ठराव आणि पुढारी यांचा इतिहास लिहितो. तो लिहिलाच पाहिजे. पण धम्मबंधूंनो आणि भगिनींनो, मी आज सांगणार आहे तो बायांच्या पावलांचा इतिहास. आपल्या परंपरेत बाई जेव्हा जेव्हा पुढे आली, तेव्हा ती स्वतःच्या पायांनी चालत आली आहे.

पहिला दाखला खुद्द तथागतांच्या काळातला. महाप्रजापती गौतमीने संघात प्रवेश मागितला. तीन वेळा नकार मिळाला. ती गप्प बसली नाही. तिने केस उतरवले, काषाय वस्त्र नेसले आणि शाक्य स्त्रियांना बरोबर घेऊन ती कपिलवस्तूहून वैशालीला पायी गेली. दारात उभी राहिली तेव्हा तिचे पाय सुजलेले होते, अंग धुळीने माखलेले होते, असे विनयपिटकात सांगितले आहे. आनंदाने तिची बाजू मांडली आणि भिक्खुणी संघ उभा राहिला. राजघराण्यातली बाई, पण हक्क मिळाला तो सुजलेल्या पायांनी!

दुसरा दाखला महाडचा. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांसमोर वेगळे भाषण केले. लुगडे उच्चवर्णीय बायांसारखे पायघोळ नेसा, जातीची खूण म्हणून गळ्यात-हातात घातलेले जड दागिने टाका, पोरींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. आजच्या पोरींना वाटेल, यात काय मोठेसे? पण त्या काळी जात बाईच्या अंगावरच लिहिलेली होती. कसे नेसायचे, किती वाकायचे, कुठे बाजूला सरायचे, सगळे ठरलेले. बाबासाहेबांनी तिला आधी ताठ उभे राहायला सांगितले.

ताठ उभी राहिलेली बाई काय करते, ते आपल्या नाशिकने पाहिले. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराच्या दारांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया होत्या. पुढे रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली, तरी लढा पुढे काही वर्षे चाललाच. मग २० जुलै १९४२ ला नागपुरात महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया जमल्या. गिरण्यांत आणि विडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायांना रजा मिळावी, असा ठराव तिथे झाला. माझ्यासारख्या गिरणी कामगाराला तो ठराव फार मोलाचा वाटतो. राबणाऱ्या देहालाही स्वतःचा वेळ हवा, हे आपल्या बायांनी तेव्हाच मांडले होते.

आता आपल्या सुरगाण्याकडे येऊ. इथली बाई, आपली असो की आदिवासी, उन्हाळ्यात लांबून हंडे आणते, पावसाळ्यात भाताची-नागलीची आवणी करते, आणि हंगाम सरला की द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जाते. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला सुमारे १८० किलोमीटर पायी गेला. वनजमिनीचा हक्क मागायला त्यात सुरगाण्याच्या बायाही होत्या. त्यांच्या पायांचे फोड साऱ्या देशाने वर्तमानपत्रांत पाहिले.

मग एवढ्या चालणाऱ्या बायांना व्यायाम आणि खेळ कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझे उत्तर असे. श्रम वेगळे आणि व्यायाम वेगळा. श्रमात कंबर एकाच बाजूला वाकते, तेच गुडघे झिजतात, आणि तो तास मालकाचा किंवा घराचा असतो. खेळाचा तास बाईचा स्वतःचा असतो. तिथे ती मोकळी पळते, मोठ्याने ओरडते, पडली तर हसत उठते, संघनायक झाली तर हुकूम देते. जी पोरगी मैदानावर दहा जणींना हाक मारते, ती उद्या ग्रामसभेत खाली मान घालून बसणार नाही.

दाखला लांब नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची आदिवासी घरातली कविता राऊत. डोंगरातली पोर पळतेच, पण नाशिकला तिला विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक आणि सराव मिळाला. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक आणले. त्या स्पर्धेत धावण्याचे वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत एक रौप्य, एक कांस्य. २०१६ ला ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. असे पाय आपल्या पाड्यापाड्यांवर आहेत. पण पोरगी चौदा-पंधराची झाली की "मोठी झाली, आता पुरे" म्हणून आपणच तिला घरात घेतो. कविता घरात बसली असती तर सावरपाडा कुणाला ठाऊक झाला असता?

तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबच्या प्रवासाची ताकद येते, उद्योगाची ताकद येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. हे काय फक्त भिक्खूंसाठी होते?

म्हणून माझी सूचना. विहाराचे अंगण आठवड्यातून तीन दिवस, सकाळी एक तास, फक्त बाया-पोरींना द्यावे. कबड्डी, खो-खो, लेझीम. वयस्क आयांसाठी चंक्रमण. खर्च काय, तर चुन्याच्या रेघा आणि एक शिट्टी. शेजारच्या आदिवासी पोरींनाही हाक मारावी. आणि त्या तासाला घरचे पाणी पुरुषांनी भरावे. खरी अडचण इथेच आहे. अंगण मिळेल, शिट्टीही मिळेल, पण हंडा कोण उचलणार, यावरच हे काम टिकेल की बुडेल ते ठरेल.

काळारामाच्या दारावर बसलेल्या त्या पंचवीस जणींची नावे आपल्याला येत नाहीत. आपल्या अंगणात येतील त्या पहिल्या पंचवीस जणींची नावे मात्र विहाराच्या वहीत नीट लिहून ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!